माझ्या गाडीत तुझं तेल

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद शेवटी. आधी भांडण.

उन्हाळ्यात तुझ्या पत्रातल्या सांगण्यावरून मी माझ्या गाडीत जाड तेल भरलं. 'वीस डब्ल्यू पन्नास घाल, ताई, आणि निश्चिंत हो.' मी निश्चिंत झाले. आता थंडी पडली आहे, सकाळी काचेवरचं दव गोठतं, आणि गाडी माझ्याहून निश्चिंत झाली आहे. किल्ली फिरवली की इंजिन असं कण्हतं की माझी प्रसूतिकक्षात परत बदली झाल्यासारखं वाटतं. दोनदा, तीनदा कण्हतं, मग गप्प. ऊन वर आलं की मात्र मुकाट्यानं सुरू होतं, जसं काही झालंच नव्हतं.

नवी बॅटरी घालून झाली. काही फरक नाही. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं ते तेल मी भरलं." या माणसाला मत नाही. इतकी वर्षं 'पाच डब्ल्यू तीस' भर म्हटलं तेव्हा ते भरलं, उद्या एरंडेल भर म्हटलं तर तेही भरेल.

तुला वाटेल, ऊन वर आल्यावर जावं की. मी रोज सकाळी लवकर हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात जाते, हे तुला माहीत आहे. निवृत्त मेट्रनला कुणी बोलावलेलं नाही, पण जखमांच्या पट्ट्या बदलायला तिथे हात कमी आहेत आणि माझे दोन्ही रिकामे आहेत. मागच्या आठवड्यात दोनदा पोचू शकले नाही. घर टेकडीवर, रस्ता उताराचा, पायी जाईन, पण पायी परत येणं गुडघ्यांना मान्य नाही.

आणि हे सगळं आमच्या चिरंजीवांनी खिडकीतून पाहिलं. "आई, झालं तिचं. विकून टाकू. तुला कुठे जायचं असेल तर मी नेईन की." नेईल! मला ठाऊक आहे तो कसा नेईल. 'आज मीटिंग आहे, उद्या जाऊ.' मी हट्ट धरला तेव्हा त्यानं अट घातली. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी शेजारणीचा जावई गाडी बघायला येणार. त्याच्यासमोर पहिल्या किल्लीत सुरू झाली तर गाडी माझी. नाही झाली, तर तो घेऊन जाणार. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर 'आई घाबरली' असं त्यानं बायकोला सांगितलं असतं.

तेव्हा बोल. तुझं तेल काढून टाकू का?

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू मला मध्येच तोडतोस. कागद तुला पूर्ण वाचावा लागतो.

आशीर्वाद.

ताई


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. पत्र पोचलं. हाताला चटका बसला.

तेल मुळीच काढायचं नाही. विसरलीस का, ते का भरलं? उन्हाळ्यात टेकडी उतरून खाली चौकात थांबलीस की तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकायचा. घाबरून तूच फोन केला होतास. जाड तेल भरलं आणि दिवा बंद झाला. झाला की नाही?

समजावून सांगतो. इंजिन म्हातारं झालं की त्याचे भाग झिजतात, मधल्या फटी वाढतात. पातळ तेल तापलं की आणखी पातळ होतं आणि त्या फटींतून निसटून जातं. जाड तेल टिकून राहतं, धातू धातूवर घासू देत नाही. माझी सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. घराएवढं एकेक इंजिन असायचं आणि त्यात जाडच तेल. बर्फ तरंगणाऱ्या समुद्रात गेलो, बंदरांत उभे राहिलो, आणि एकही इंजिन कधी तुझ्या गाडीसारखं कण्हलं नाही. हा प्रश्न तेलाचा नाही. बॅटरीच्या तारा बघ, त्यांच्या टोकांना पांढरं काही जमलं असेल.

तरी तुझा विश्वास नसेल तर प्रयोग कर. दोन सारख्या, उभट, पारदर्शक बाटल्या घे. एकीत तुझं जुनं पातळ तेल, दुसरीत माझं. दोन्हींत सायकलच्या बेअरिंगची एकेक बारीक पोलादी गोळी टाक, बूच घट्ट लाव आणि दोन्ही बाटल्या एकदम उलट्या कर. गोळ्या खाली पडताना बघ. फरक आहे तो किती किरकोळ आहे ते तुझं तुलाच दिसेल. बाटल्या स्वयंपाकघरात ठेव, बाहेर काकडत बसू नकोस.

मी मजेत आहे. रोज सकाळी गाडी काढतो, समुद्राच्या कडेनं एक चक्कर मारून येतो. माझ्या गाडीतही वीस डब्ल्यू पन्नासच आहे. एका किल्लीत सुरू!

चिरंजीवांना मामाचे आशीर्वाद. सून बरी असेल.

धाकटा


२३ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तारांच्या टोकांना काहीही जमलेलं नाही. मी टूथब्रशनं घासून बघितल्या. ब्रश चिरंजीवांचा होता, पण ते त्यांना सांगायचं कारण नाही.

प्रयोग केला. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून दोन लांब काचेच्या नळ्या आणल्या, बुचांसकट. गॅरेजवाल्यानं दोन्ही तेलं दिली आणि 'मॅडम, औषध करताय का?' असंही विचारलं. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून चिकटपट्टीनं बांधल्या, म्हणजे उलट्या करताना एक आधी आणि एक नंतर, असा पक्षपात नको. कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला सायन्स शिकवणारी सिस्टर म्हणायची, प्रयोगात आपली लाडकी बाजू आधी विसरायची. मी तुझ्यावरचा राग विसरले. अगदी पूर्ण नाही.

आधी तुझ्या म्हणण्याप्रमाणे स्वयंपाकघरात, चुलीजवळ. पातळ तेलातली गोळी आधी पोचली, तुझ्यातली तिच्या पाठोपाठ. किरकोळ फरक, मान्य.

पण माझी गाडी स्वयंपाकघरात झोपत नाही, धाकट्या.

म्हणून नळ्या रात्रभर बाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या, गाडी असते त्याच थंडीत. सकाळी चहाच्या आधी शाल गुंडाळून गेले आणि उलट्या केल्या. पातळ तेलातली गोळी टपकन खाली बसली. तुझ्या तेलातली वरून निघाली ती लग्नाच्या मांडवात नवरी चालते तशी. मी उभी राहिले. थांबले. सूनबाई दारात येऊन "आई, काय करताय?" विचारून आत गेल्या, तरी गोळी वाटेतच होती. आमच्या वॉर्डात थंडीच्या दिवसांत खोकल्याचं औषध बाटलीतून असंच उतरायचं. आम्ही बाटली गरम पाण्यात धरून ठेवायचो.

आता मला सांग, इंजिनाला असलं तेल ढवळत फिरायचं आहे, तर ते कण्हणार नाही तर काय गाणार? तेल वरच्या भागांपर्यंत पोचेतो ते कोरडेच घासणार, हेही मला कळतं. मी मेट्रन होते, पण पंप म्हणजे काय ते मला माहीत आहे. आयुष्यभर हृदयं सांभाळली.

एकच प्रश्न. तुझी ती घराएवढी इंजिनं बर्फातल्या समुद्रात पहिल्या किल्लीत कशी सुरू व्हायची? त्याचं उत्तर सरळ दे. आढेवेढे नकोत.

ताई


३० नोव्हेंबर

ती. ताईस,

तुझ्या प्रयोगात खोट आहे. बाहेरची थंडी धरायची नसते. वाऱ्यानं काच जास्त गार होते, त्यामुळे निकाल फसवा येतो.

मी तोच प्रयोग इथे केला. दोन्ही तेलांच्या बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या, सकाळी काढून उलट्या केल्या. दोन्ही गोळ्या बरोबरीनं खाली पडल्या. काडीचाही फरक नाही. म्हणजे तेलात दोष नाही. तू उगाच घाईनं काही बदलू नकोस, तो लाल दिवा पुन्हा लागला तर इंजिन जाईल आणि मग मला दोष देशील.

जहाजाचा प्रश्न वेगळा असतो. ते पत्रात समजावणं कठीण.

इथे उकडतं आहे. बाकी सर्व ठीक.

धाकटा


५ डिसेंबर

धाकट्या,

या वेळी 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

तुझं पत्र वाचून मी माझ्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आमच्या सूनबाईंच्या लोण्याशेजारी, त्यांच्या नाराजीसह. सकाळी काढल्या, उलट्या केल्या. पातळ तेलातली गोळी खाली पोचली तेव्हा तुझ्या तेलातली निम्म्यातही नव्हती. पुन्हा केलं. तेच. सूनबाईंना बोलावून त्यांच्याकडून करून घेतलं, म्हणजे म्हातारीला भास होतोय असं कुणी म्हणायला नको. तेच. वर सूनबाई म्हणाल्या, "आई, मामांच्या बाटलीत दुसरं काही असेल का?"

नव्हतं. तुझ्या बाटल्यांत तीच दोन तेलं होती आणि त्या गोळ्या बरोबरीनं पडणं शक्यच नाही.

मग मी तुझी तिन्ही पत्रं, उन्हाळ्यातलं धरून, टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पेशंटचा तक्ता बघतात तशी. उन्हाळ्यातल्या पत्रात ओळी सरळ आहेत. नंतरच्यांत अक्षर मोठं होत गेलं आहे आणि ओळी उजवीकडे घसरल्या आहेत. 'बर्फ' या शब्दातला रफार पुढच्या शब्दावर पडला आहे. पाकिटावर माझ्या घराचा आकडा तू चुकीचा लिहिलास. पोस्टमन मला ओळखतो म्हणून पत्र आलं.

तू लहानपणापासून हट्टी आहेस, पण खोटारडा नाहीस. तुला गोळ्या बरोबरीनं पडताना दिसल्या नाहीत. तुला गोळ्याच दिसल्या नाहीत.

रोज समुद्राच्या कडेनं गाडीची चक्कर मारतोस म्हणे. कोण चालवतं ती गाडी?

मला उत्तर हवं आहे. मोठ्या अक्षरात लिही. कागद माझ्याकडून घे, हवा तर.

ताई


११ डिसेंबर

ती. ताईस,

हे पत्र मी खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडून लिहून घेतो आहे. ती मराठी छान लिहिते आणि कुणाला काही सांगत नाही. (मी खरंच सांगत नाही. शिंपीण.)

तू पकडलंस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सगळं गढूळ पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. गाडी उन्हाळ्यापासून खाली उभी आहे. तिच्यावर मांजर झोपतं. ते मात्र रोज चक्कर मारतं.

तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच इथे आली असतीस आणि मला ओढत हॉस्पिटलात नेलं असतंस. आणि खरं सांगू? तू मला एकच गोष्ट विचारतेस, ती इंजिनाची. तीही मला दिसेनाशी झाली, हे कबूल करायला तोंड उघडेना. म्हणून फ्रिजमधल्या बाटल्या उलट्या केल्या, डोळ्यांजवळ धरल्या, काही दिसलं नाही, आणि जे व्हायला हवं होतं असं मला वाटलं ते लिहून टाकलं.

आता तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. जहाजाचं इंजिन सुरू करण्याआधी आम्ही तेल तापवायचो. इंजिनही गरम पाण्यानं ऊबदार ठेवायचो. त्यासाठी वेगळी यंत्रणाच असते. थंड इंजिन थंड तेलानं सुरू करायचं, ही वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. इतकी वर्षं मी गरम तेलाकडेच बघत होतो आणि तुझी गाडी रात्रभर उघड्यावर काकडत उभी असते, हे डोक्यातच आलं नाही. तुझ्या खोकल्याच्या औषधाबद्दल भिंगातून कसंबसं वाचलं तेव्हा खरं तर कळलं होतं. आम्ही तेच करत होतो, फक्त बाटली मोठी होती.

तेव्हा आता नीट ऐक. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान तितकं तेल थंडीत सहज वाहतं. नंतरचा आकडा गरम झाल्यावरचा. तो मोठा असला की तापलेलं तेल दाट राहतं. तुझ्या जुन्या तेलात पाच आणि तीस होते, सकाळी छान, पण म्हातारं इंजिन तापल्यावर पातळ पडायचं. माझ्या तेलात वीस आणि पन्नास आहेत, दुपारी छान, सकाळी दगड. तुला हवं आहे पाच डब्ल्यू चाळीस. सकाळी तुझ्यासारखं, दुपारी माझ्यासारखं. गॅरेजवाल्याला सांग, जुनं सगळं गरम असताना काढ, फिल्टरही बदल, आणि मग भर. त्यानंतरही चौकात दिवा लागला तर तेलाला बोल लावायचा नाही, पंप तपासायचा.

रविवारच्या आधी पोचावं म्हणून शिंपीण हे पत्र स्वतः पोस्टात टाकणार आहे.

चिरंजीवांना डोळ्यांचं सांगू नकोस. तो माझीही गाडी विकेल.

धाकटा


२० डिसेंबर

प्रिय धाकट्या,

हे 'प्रिय' परत आलं आहे, त्याचा गर्व करू नकोस. शिंपीणबाई, तुमचे आभार, आणि हे पत्र त्याला वाचून दाखवा. जिथे मी त्याला रागावले आहे तिथे आवाज चढवा.

तेल शुक्रवारी बदललं. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, हे शेवटचं ना?" मी म्हटलं, शेवटचं. त्यानं जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, पाच डब्ल्यू चाळीस भरलं. मी तिथेच स्टूल टाकून बसले होते. विश्वास आहे, पण बसलेलं बरं.

आज सकाळी शेजारणीचा जावई आला. हातमोजे, कानटोपी, तोंडातून वाफ. चांगला माणूस आहे, पण गाडीभोवती असा फिरत होता की जणू ती आधीच त्याच्या नावावर झाली आहे. टायरला लाथ मारली. मी म्हटलं, "तिनं तुमचं काय बिघडवलं?" चिरंजीव पायरीवर उभे, कॉफीचा कप हातात, चेहऱ्यावर तो दयाळू भाव, जो मला मुळीच सोसत नाही. सूनबाई शाल घेऊन मागे. काचेवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता, तो मी कुणाला खरवडू दिला नाही. म्हटलं, राहू दे, नंतर 'ऊन लागलं होतं' असं कुणी म्हणायला नको.

बसले. किल्ली घातली.

फिरवली आणि इंजिन सुरू झालं. लगेच. कण्हणं नाही, खाकरणं नाही. लाल दिवा लागला आणि पापणी लवायच्या आत विझला. मी पाय उचलून नुसती बसून राहिले. ती आपली तिच्या जागी गुरगुरत होती, पोट भरलेल्या मांजरीसारखी. तुझ्या गाडीवर झोपतं तसल्या.

जावई म्हणाला, "अरे वा, मग मी घेतोच!" आणि आमच्या चिरंजीवांनी, धाकट्या, आमच्या चिरंजीवांनी कॉफीचा कप पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "नाही, ती आईची आहे." एवढंच. मग मला म्हणाले, "चल, मला चौकापर्यंत सोड." मी सोडलं. टेकडी उतरून, इंजिन तापवून, चौकात थांबले. दोघंही दिव्याकडे बघत होतो. लागला नाही. तो उतरला, दार लावताना वाकून म्हणाला, "आई, हळू जा." मी हॉस्पिटलात गेले. रविवारीही जखमा असतात.

आता तुझं.

आमच्या नेत्रविभागाच्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. मी शिकवलेली मुलगी आहे. हात स्थिर, जीभ माझ्यासारखी. एक डोळा आधी, दुसरा काही आठवड्यांनी. तोवर तू इथे राहणार. खोली तयार आहे, तुझी खुर्ची खिडकीपाशी हलवली आहे. नाही म्हणू नकोस. मी आधीच हो सांगून बसले आहे.

तुला आणायला मी गाडीनं येते आहे. चिरंजीव म्हणाले, "आगगाडीनं येऊ दे मामाला, मी स्टेशनवर जाईन." मी म्हटलं, गोठलेल्या टेकडीवरून निघून तुझ्या उकाड्यात पोचायचं आणि परत यायचं, याच्यासाठीच तर हे तेल भरलं आहे. त्यांनी विचारलं, "पण मामा अचानक का येतोय?" मी तुझा शब्द मोडलेला नाही. म्हटलं, म्हाताऱ्या इंजिनाला घाटात काही झालं तर आवाजावरून ओळखणारा माणूस मला शेजारी हवा आहे. हे खोटं नाही. माझ्या डाव्या कानाला अलीकडे कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी तपासला, गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले, पण हे चिरंजीवांना सांगायचं कारण नाही. आता तुझ्याकडे माझंही एक गुपित आहे. फिट्टंफाट झाली. डोळ्यांचं मात्र त्याला तूच सांग, जेवताना, सहज. तो गाडी विकणार नाही. आज मी त्याला जरा नव्यानं ओळखते आहे.

बुधवारी, तीस तारखेला निघते. मध्ये एक मुक्काम करीन, गुरुवारी दुपारी तुझ्याकडे. कपडे गरम घे. जुनी औषधं सगळी घे, मी बघून त्यातली निम्मी फेकणार आहे. गाडीची किल्ली शिंपीणबाईंकडे दे.

आणि जिन्यावरून एकटा उतरून खाली वाट बघत उभा राहू नकोस. मी तुला ओळखते, तू तेच करशील. वर थांब. मी येते, माझा हात तुझ्या हातात देते, आणि आपण सावकाश उतरू. रस्त्यातल्या लोकांना वाटेल, धाकटा भाऊ म्हाताऱ्या बहिणीला धरून नेतो आहे.

ताई